हरिबानं मोकळा केलेला माळ

जिल्ह्याच्या गावी, सात रस्त्याजवळच्या सरकारी कचेरीत हरिबा सकाळपासून बसून होता. पहिल्या एसटीनं सांगोल्याकडून आलेला, पाय सुजलेले, पोटात नुसता चहा. आज माळाची सुनावणी होती. एका कंपनीला तिथं सोलरच्या प्लेटा बसवायच्या होत्या. सरकारदरबारी तो माळ पडीक, आणि हरिबाच्या बापजाद्यांची मेंढरं तर त्याच माळावर जगलेली. माळ गेला की मेंढरं बाजारात न्यायची, दुसरा रस्ताच नव्हता.

हरिबा माणूस भिडस्त. नाही म्हणायचं म्हणजे त्याच्या जिवावर येई. त्याची बायको मायाक्का म्हणायची, ह्यांच्या पायात काटा मोडला तरी हे आधी काट्याची विचारपूस करतील. तिचं काही खोटं नव्हतं. दोन वर्षांमागं, वैशाखात, पुण्याची अपेक्षा नावाची मुलगी गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून माळावर आली, तेव्हा हा तिच्या दिमतीला उभाच राहिला.

ती राजस्थानात जाऊन आली होती. तिथं म्हणे वाळूपेक्षा माणसंच जास्त, जिकडं बघावं तिकडं उंट आणि चहाच्या टपऱ्या. इथला करपलेला माळ बघून तिचे डोळे चमकले. खरं वाळवंट तर हे आहे काका, ती म्हणाली, आणि आम्ही ते कुठं कुठं शोधत फिरतो. हरिबाला आपल्या माळाचं एवढं कौतुक आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. त्याची छाती फुगली. फुगणारच, माणूस आहे.

मेंढक्याकडं पाहुणा आला की त्याला वाट मोकळी करून द्यायची, कुत्री बांधायची, कळप बाजूला घ्यायचा, ही त्यांची रीत. अपेक्षाला फोटोत कुणी नको होतं, हे कळल्यावर हरिबानं रीतीच्याही चार पावलं पुढं जाऊन केलं. भर उन्हात मायाक्काला मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडं धाडलं. ती जाताना जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. रात्री मेंढरं कोंडायची जाळी त्यानं गुंडाळून खळग्यात टाकली, चुलीची राख मातीनं झाकली. बिरोबाचा शेंदरी दगड तेवढा कॅमेऱ्यात येत होता. देव काही हलवता येत नाही, म्हणून त्यानं अपेक्षालाच हाताला धरून एका उंचवट्यावर नेलं. उभा जन्म तो माळ तुडवलेला, कुठून काय दिसतं आणि काय झाकतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दिवस बुडेपर्यंत ती फोटो काढत राहिली. जाताना हरिबाच्या आणि मेंढरं घेऊन परतलेल्या मायाक्काच्या पाया पडली. पुढं त्या फोटोला कुठंसं बक्षीस मिळालं, आणि एक प्रत हरिबाच्या घरी टपालानं आली. ती त्यानं देवांशेजारी खिळा मारून लावली.

दुपारी त्याचं नाव पुकारलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबानं कंपनीचं गुळगुळीत पुस्तक त्याच्यापुढं फिरवलं आणि ही जागा ओळखता का, असं विचारलं. पुस्तकात अपेक्षानं काढलेला तोच बक्षिसाचा फोटो होता. दिवसभराच्या शिणात हरिबाला घरचं माणूस भेटल्यागत वाटलं.

"ह्यो फोटू आमच्या घरात हाय की, सायेब. अगदी खरा हाय. काडला तवा मी तितंच हुतो."

क्लार्कनं ते लगेच टिपून घेतलं. मग साहेबानं फोटोखालचा मजकूर वाचून दाखवला. जमीन ओसाड, माणसांचा किंवा जनावरांचा कसलाही वावर नाही.

मेंढरं आपणच पलीकडं धाडली होती, जाळी आपणच लपवली होती, असं हरिबा घाईघाईनं सांगू लागला. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे विचारलं, पण असं का केलंत?

"पावनी आल्ती," हरिबा म्हणाला.

साहेबानं पेन उचललं आणि काही न लिहिताच खाली ठेवलं. बाहेर आल्यावर हरिबा पायरीवर टेकला. त्याला अपेक्षाचाही राग येईना. पोरगी मनापासून आली होती. राग स्वतःचा आला, पण तोही धड येण्याएवढी ताकद अंगात उरली नव्हती.

दिवस मावळता तो माळावर पोचला. मायाक्का दगडानं जाळीच्या मेखा ठोकत होती. काय झालं, तिनं विचारलं.

"कागदावर लिवलंय," तो म्हणाला, "हितं कुनी ऱ्हातच न्हाय. आन खरं हाय म्हून मीच सांगून आलो."

मायाक्कानं हातातला दगड खाली टाकला. आज ती शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं, आणि दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. पण ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मग आपुन कोन?" ती म्हणाली.