आबांची घोंगडी

पिरॅमिडच्या कितीतरी आधी इजिप्तमध्ये माणूस मेला की वाळूत खड्डा करून, गुडघे छातीशी घेऊन कुशीवर निजवायचे. अंगाभोवती चटई नाहीतर कातडं, जवळ त्याची मडकी, मणी. तापल्या वाळूत देह आपोआप सुकून टिकायचा. मी दौंडच्या शाळेत इतिहास शिकवायचे. एकदा सुट्टीत गावी, वडगाव रासाईला गेल्यावर हे आबांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. हसून म्हणाले, "कातड्यात गुंडाळला? म्हंजी आपल्यातलाच की. मलाबी माझी घोंगडी द्या संगं. नवं काय नको."

आमच्या भावकीत माणसाला पुरतात. आबा गेले तवा ती घोंगडी मी स्वतः त्यांच्या अंगावर घातली. कड विरलेली, मेंढरांचा वास अजून न गेलेला. आप्पांना, म्हणजे चुलत्यांना, आबांची इच्छा बजावून सांगितली. बायकांनी खड्ड्यापाशी जायचं नसतं, म्हणून आम्ही घरीच थांबलो.

दुसऱ्या दिवशी बघते तर घोंगडी आप्पांच्या ट्रॅक्टरच्या सीटवर! डोकंच फिरलं माझं. विचारलं, तर म्हणाले, पावणेरावळे जमले होते, फाटकं घालून कसं पाठवायचं, म्हणून शाल आणून पांघरली. चांगली भारीतली आणली, हेही वर ऐकवलं. भारीतली म्हणे! आबांनी जन्मात कधी शाल पांघरली होती? जित्या भावाला एक धडुतं घेतलं नाही, आन् मेल्यावर पुळका. इजिप्तमधले चोर निदान पुरल्यावर तरी लुटायचे. आमच्याकडं मानपानाच्या नावाखाली त्याआधीच उरकलं.

तिसऱ्या दिवशी पुरुष माणसं दूध घालायला, आबांना पुरलं होतं त्या शेताच्या बांधावर निघाली. मी घोंगडी काखेत मारली, खुरपं घेतलं आणि आईला घेऊन त्यांच्यामागं गेले. सगळ्यांदेखत खाली बसले आणि वरची माती सारायला लागले.

आप्पा दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, माणसं बघत्यात."

आई डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं आली.

"भावजी, त्या घोंगडीची लोकर म्या कातलीया. काढताना मला इचारलं व्हतं?"

आणि माझ्याशेजारी बसून ती हातानंच माती उकरू लागली.