मावशी कुणालाच पाडत नाही

घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या शाळेत मागच्या खोलीत खोगिरं दुरुस्त होत. पट्टे जोडणं, गाद्या भरणं, मेण लावलेला दोरा दातांनी तोडणं, हे सगळं एकच बाई करायची. तिला सगळे खोगीरवाली म्हणत. तिचा धाकटा भाऊ तिथेच मास्तर होता. तो डावीकडे भार देऊन बसायचा, त्यामुळे त्याच्या खोगिराची डावी गादी सारखी दबायची आणि ती पुन्हा पुन्हा भरताना खोगीरवाली त्याला शिव्या घालायची.

नवशिक्यांना मास्तर ज्या घोडीवर बसवायचा तिला पोरं मावशी म्हणत. ती कुणाला पाडत नसे. वरचं पोर कलंडायला लागलं की ती आपणहून त्या बाजूला सरकायची, त्याच्या खाली यायची.

मास्तर गेला तोही तिच्याच पाठीवर. सकाळी एकटाच टेकडीकडे गेला होता, तिथेच हृदय बंद पडलं. मावशीने त्याला तसाच परत आणला, मानेवर ओणवा झालेला. एकेक पाऊल जपून टाकत, तो कलेल तिकडे सरकत ती आली आणि लोकांनी त्याला उतरवून घेईपर्यंत तबेल्याच्या दाराशी उभी राहिली. खोगीरवाली तेव्हा कातडं आणायला बाजारात गेली होती. ती परतली तेव्हा भाऊ बाकावर चादरीखाली होता.

त्यानंतर मावशीवर बसायची सोय राहिली नाही. ती उधळत नव्हती की लाथ मारत नव्हती. मोकळी असताना नीट चालायची. पण कुणी पाठीवर बसलं की तिथूनच वळायची आणि त्याच जपलेल्या चालीने दाराशी जायची. लगाम ओढा, टाच मारा, उपयोग नाही. वरचा माणूस आपला आपण उतरला तर ती तशीच उभी. कुणीतरी धरून उतरवला तरच हलायची. एका मुलीला असं उतरवलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, “मला काही झालंय का?”

मग मालकाने शाळा विकली. बाकीच्या घोड्यांना गिऱ्हाइकं मिळाली.

“शनिवारपर्यंत तिचं काहीतरी बघा बाई,” मालक म्हणाला. “रविवारी कत्तलखान्याची गाडी येतेय. मला तरी कुठे आवडतंय?”

“आवडत नाही तर बोलावता कशाला?”

मालक चष्मा पुसत बसला.

खोगीरवालीने गाव पालथं घातलं. दूधवाल्याने मावशीला गाडीला जुंपून पाहिलं, तर ती कॅनसकट गाडी घेऊन तबेल्याच्या दाराशी हजर. घरी सून म्हणाली, “आई, जिन्याखाली बांधू या. फक्त तिथली बाबांची स्कूटर मग आपल्या खोलीत येईल.”

अखेर रोपवाटिकेचा माळी तयार झाला. त्याच्याकडे एक म्हातारं, आंधळं गाढव होतं. जोडीचं गाढव मेल्यापासून ते चाऱ्याला तोंड लावत नव्हतं.

“त्याला सोबत हवीय,” माळी म्हणाला. “दिवसभर मी असतो, पण त्याला फरक कळतो.”

“हिच्यावर बसता यायचं नाही हं.”

“माझी कंबर बघा. मला खुर्चीवर बसता येत नाही.”

शनिवारी खोगीरवाली मावशीला चालवत घेऊन निघाली. पाठीवर खोगीर नव्हतं, काहीच नव्हतं. तबेल्याचं दार मागे पडलं आणि मावशीची चाल बदलली. एकेक पाऊल जपून पडू लागलं. उतारावर ती किंचित डावीकडे सरकली.

दुकानाच्या पायरीवरून न्हावी ओरडला, “काय ताई, एवढं हळू? पोचेपर्यंत दोघी म्हाताऱ्या व्हाल!”

“घाई केली तर पडेल,” खोगीरवाली बोलून गेली.

“कोण?”

ती पुढे निघाली.

रोपवाटिकेच्या फाटकाशी मावशी थांबली. आत गाढव ओरडलं. तिचे कान हलले, पाय हलले नाहीत. माळ्याने दोर ओढला, गाजर दाखवलं.

“काय अडलं हिचं?”

“उतरवून घ्यायला हवं,” खोगीरवाली म्हणाली.

माळ्याने रिकाम्या पाठीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. तिने दोन्ही हात मावशीच्या पाठीवरून पलीकडे नेले, जड खोगीर उचलताना नेतात तसे. छातीशी ओढून घेतलं आणि मागे सरली. मावशीने नाकापासून शेपटीपर्यंत कातडी थरथरवली आणि सरळ गाढवाकडे गेली. गाढवाने तिची मान हुंगली, मग गव्हाणीत तोंड घातलं.

“झालं की,” म्हणत माळ्याने फाटक लावलं.

परतताना न्हाव्याने विचारलं, “सोडून आलात?” तिने मान हलवली. तो या खेपेला चेष्टा करील असं तिला वाटलं होतं. पण तो तिच्या पावलांकडे बघत होता. ती झपझप चालायला गेली, तर पाठीवर काहीतरी घसरल्यासारखं झालं. ती पटकन डावीकडे सरकली.

“अहो आई, दारातच काय उभ्या?” सून म्हणाली. “या ना आत.”

“येते. जरा हात दे.”

सुनेने पुढे येऊन तिचा दंड धरला.

“मला नव्हे,” खोगीरवाली म्हणाली.