लेक सोपवली त्या दिवशी

देवाला हात जोडणं मी कधी सोडलं नाही, पण माणसांवरचा विश्वास मात्र पार उडाला होता. मी सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. साथीच्या दिवसांत भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीने एका संध्याकाळी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या आणि पुढच्याच आठवड्यात मला घर सोडायला सांगितलं. सांगायला आलेल्यांत सगळ्यात पुढे होती शेजारची लक्ष्मक्का, विड्या वळून संसार ओढणारी तेलुगू बाई. "तुमी हितं ऱ्हाऊ नका सिस्टर, आमची बी लेकरं हायती," असं ती दारातून, पदर नाकाला लावून म्हणाली. आम्ही गेलो नाही. पण तेव्हापासून कुणी हसून बोललं, की मला वाटायचं, याच्या मनात काय असेल?

साथ ओसरली तशा वॉर्डातल्या मैत्रिणी एकेक करून नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उरलेल्यांच्या वाट्याला दोघींचं काम आलं. माझी मुलगी तीन वर्षांची. तिला सांभाळणाऱ्या सासूबाई वारल्या. नवरा चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर. शेवटी मीही राजीनामा द्यायचं ठरवलं. सोमवारी सिद्धेश्वराच्या, म्हणजे आमच्या सिद्धरामाच्या, देवळात गेले आणि म्हणाले, "देवा, जायचं असेल तर मन घट्ट कर, राहायचं असेल तर काहीतरी सोय कर." खरं सांगायचं तर मागतानाही तो ऐकतोय याची खात्री वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मक्का दारात उभी. "तुमी काम सोडणार म्हनं. पोरीला माज्याकडं ठेवा की," ती म्हणाली. हिला काय हवं असेल? कुणा नातेवाइकाला खाट? फुकटची औषधं? मी नाही म्हणणार, तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. सकाळच्या पाळीची एकुलती एक नर्स चक्कर येऊन पडली होती. नवरा कामावर गेलेला. मी लेकीला लक्ष्मक्काच्या कडेवर दिलं आणि हजार सूचना केल्या. ती प्रत्येक सूचनेला "व्हय, व्हय" एवढंच म्हणत राहिली.

हात सलाइन लावत होते, मन घरी होतं. जेवणाच्या सुट्टीत इन्चार्ज सिस्टरना सांगून मी रिक्षाने घर गाठलं. लक्ष्मक्काच्या दाराला कुलूप. समोरची बाई म्हणाली, "पोरीला घेऊन कुटंतरी गेली की मघाशी." मनात नको नको ते आलं. धावायचं तर कुठल्या दिशेने? लक्ष्मक्काकडे फोन नव्हता. त्या गल्लीत उभी राहून मी फक्त "सिद्धरामा" म्हणाले. काही मागितलंही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. इन्चार्ज सिस्टर होत्या. "अगं, तुझी लेक इथं आलीय. खाली जिन्यात बसलीय."

परत पोहोचले तेव्हा लक्ष्मक्का जिन्याच्या पायरीवर बसून तिला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. लेक मजेत होती. "लई रडाया लागली. आई दिसली की गप बसंल म्हनून आनलं," लक्ष्मक्का म्हणाली.

न विचारता लेकीला इथवर आणल्याचा मला राग आला होता. मी सरळ विचारलं, "अक्का, खरं सांगा, तुम्ही हे का करताय?"

तिने घास खाली ठेवला. "माजा पोरगा श्रीनू साथीत हितंच हुता. मला आत सोडलं न्हाई. एक सिस्टर त्याला रोज भरवायची, असं घरी आल्यावर त्यो सांगत हुता. कोन, त्याला बी ठाव न्हाई. समद्यांचीच तोंडं झाकलेली." मग ती म्हणाली, "तुमाला बोलले तवा लई भ्याले हुते. आता तुमी जानार म्हनल्यावर वाटलं, ती तुमीच असाल तर?"

त्या दिवसांत मी कितीजणांना भरवलं, त्यातला एकही चेहरा आठवत नाही. ती मी असेन, नसेनही.

संशय काही एका दिवसात गेला नाही. पुढे कितीतरी दिवस मी घरी आल्यावर लेकीच्या कपड्यांना तंबाखूचा वास येतोय का बघायची, खोदून खोदून विचारायची. लक्ष्मक्काला ते कळत होतं. तिने कधी मनावर घेतलं नाही. राजीनामा मी दिला नाही. हे देवानेच घडवलं का, मला सांगता येणार नाही. त्याला हात जोडते एवढं खरं.

वॉर्डच्या दाराशी घाबरलेले नातेवाईक मला रोज भेटतात. त्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, "पेशंटला आमच्यावर सोडा, तुम्ही निर्धास्त घरी जा." हे किती अवघड मागणं आहे, ते लेक सोपवली तेव्हा मला कळलं. आता तसं सांगताना मी घाई करत नाही. आधी त्यांच्याशेजारी थोडा वेळ उभी राहते.