वादळानंतरची माझगावची खोली

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच मुंबईला समुद्राकडून वादळ आल्याची बातमी माणदेशात पोचली. आमच्या गावाची माझगावला एक खोली होती. एकट्यादुकट्याची नव्हे, अख्ख्या गावाची. गोदीत राबणारे आमचे गडी तिच्यात पाळीपाळीने निजत, आणि गावाकडे पाऊस हुकला की नवे गडी तिथेच जाऊन टेकत. ती खोली गेली तर निम्म्या गावाचे पोट उघड्यावर येणार होते. मी शाळामास्तर, म्हणून गावाने मलाच धाडले. बाजरीच्या पिठाचे गाठोडे घेऊन दहिवडीहून लोणंदला आलो आणि गाडी धरली.

पुण्याला गाडी बदलली. पुढे रुळांवर झाडे पडलेली, त्यामुळे कल्याणच्या अलीकडे गाडी दुपारभर खोळंबली. डब्याचे छत गळत होते. निम्म्या पिठाचा तिथेच गोळा झाला.

बोरीबंदरावरून पायीच निघालो. रस्त्यात दुकानांच्या पाट्या, पत्रे, मोडलेल्या फांद्या पडलेल्या. धक्क्यालगत एक मचवा चक्क रस्त्यावर येऊन आडवा झाला होता. मोठ्या बंगल्यांवर सुतार-गवंडी मुंग्यांसारखे लागले होते. माझगावच्या आमच्या पत्र्याच्या चाळीकडे मात्र एकही कारागीर फिरकला नव्हता. वारा सगळ्यांवरून गेला, दुरुस्ती मात्र पत्ता विचारून जात होती. माझे डोके तिथेच तापले.

खोलीत शिरलो तर वर आभाळ दिसले. सोपाननाना गावदेव सिद्धनाथाच्या तसबिरीवर गोणपाट धरून बसले होते. नाना गोदीतले जुने हमाल, खोलीचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी सगळे सांगितले. पत्रे कधीचे खडखडत होते. घरमालकाकडे हेलपाटे घालूनही खिळा मिळाला नाही. म्हणून गड्यांनी गावाकडच्यासारखे पत्र्यांवर दगड ठेवले. आमच्या माळावर तेवढ्याने भागते. समुद्राचा वारा पत्र्याखाली शिरला आणि दगडांसकट सगळे घेऊन गेला. एका गड्याचा पाय मोडला. मग मालकाचा कारभारी येऊन म्हणाला, दगड तुमचे, तेव्हा नुकसानही तुम्हीच केले. आणि नानांनी चारचौघांत ते कबूल केले होते.

मी वरचे वासे चाचपले. हातात भुगा आला. हे मालकाला कधीचे दिसत नव्हते का, असे मी ओरडूनच विचारले.

"आवं मास्तर," नाना म्हणाले, "दगड आमीच ठिवलं व्हतं. न्हाई कसं म्हनायचं? छप्पर बी आमीच घालतो."

आणि त्यांनी घातले. पाळीवरून आलेला गडी न निजता वर चढायचा. गटारातून पत्रे काढून ठोकून सरळ केले, मोडक्या मचव्याचे लाकूड मागून आणून नवे वासे बसवले, पत्रे आकड्यांनी घट्ट जखडले. जेवायला माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आणि माझ्या भिजक्या पिठाच्या भाकऱ्या. असे पक्के छप्पर त्या चाळीवर कधी नव्हते. छप्पर होत आले तसे मी गावाला पत्र टाकले.

आमच्याकडे घर शाकारले की आधी ते रिकामे करून सारवतात. पहिले पाऊल मालकाचे पडते, मग चूल पेटते. नानांनी ट्रंका, वळकट्या, तसबीरसुद्धा रस्त्यावर काढली आणि मालकाला बोलावणे धाडले. मला धास्ती वाटली. निदान एक ट्रंक आत राहू द्या, ताबा तरी राहील, म्हणालो. नानांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी चोरीच सुचवली होती.

"मालक पाव्हना म्हनून येतोय," ते म्हणाले. "त्येच्यावर राखन ठिवायची व्हय?"

मालक आला. नारळ फुटला. त्याने आत फिरून वर पाहिले, काम छान झाले म्हणाला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बाहेर पडला. पाठोपाठ कारभाऱ्याने दार ओढून खिशातले कुलूप लावले. खोली रिकामी मिळाली, आता दुसऱ्यांना दिली आहे, असे म्हणाला.

चौकीत हवालदाराने एवढेच विचारले, सामान बाहेर कुणी काढले? नाना म्हणाले, "आमीच." मी टेबलावर मूठ आपटली, तर मलाच बाहेर काढले.

वादळाला मी काय बोलू? ते येते आणि जाते. पण ज्यांनी छप्पर घातले त्यांचेच खोबरे खाऊन त्यांनाच रस्त्यावर काढणाऱ्या माणसाला काय म्हणायचे? आजही त्या दाराची आठवण झाली की अंगाची लाही होते.

काही गडी गोदीच्या पडवीत निजायला गेले. पाय मोडलेल्या गड्याला घेऊन मी आणि नाना परत निघालो. लोणंदला उतरलो तर फलाटावर आमच्याच गावचे तिघे वळकट्या घेऊन उभे. यंदा पेरणी गेली होती, आणि आता खोलीत टेकायची पाळी त्यांची होती. त्यांनी हसून नानांच्या हातातली ट्रंक घेतली.

"नाना, छप्पर झालं का?"

"झालं," नाना म्हणाले. "लय चांगलं झालं."

आणि नाना फलाटावरच खाली बसले.