ओहोळाच्या पलीकडची वाडी

बोर्डोतात्या कुणाकडेही जेवायला बसले की पहिल्या घासाआधी विचारायचे, "हे पापलेट कुठलं?" यजमान म्हणायचा, "सातपाटीचं." मग पुढचा प्रश्न यायचा, "सातपाटीचं, की सातपाटीत विकलेलं?" आमच्याकडे हे झालं तेव्हा माझी बायको म्हणाली, "तात्या, खाऊन तुम्हीच सांगा. ओळखलंत तर अजून एक तुकडी वाढते." त्यांना ओळखता आलं नाही. तुकडी मात्र त्यांनी मागून घेतली.

तारापूरच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ते माझे वरिष्ठ होते. कंपनीने त्यांना एक यंत्र शिकायला फ्रान्सला पाठवलं. परतल्यावर यंत्राविषयी ते अर्धा तास बोलले आणि तिथल्या द्राक्षमळ्यांविषयी निवृत्तीपर्यंत. पानवेलींवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या आमच्या माकुणसार गावच्या लोकांना त्या सगळ्यात एकच नाव ओळखीचं वाटलं, ते त्यांनी तात्यांना चिकटवलं. बोर्डो हा तिथला वाइनचा एक मुलूख, पण तात्यांचा जीव खरा दुसऱ्या मुलखावर, बर्गंडीवर. ते म्हणत, "बोर्डोच्या जुन्या यादीत नंबर घराण्याला, बर्गंडीत जमिनीला. घराण्याचं काय, आजोबा राबतो नि पणतू यादीवर जगतो."

तिथला कायदा ते जेवणाच्या सुट्टीत समजावत. बाटलीवर गावाचं नाव हवं असेल तर द्राक्ष त्या गावच्या आखलेल्या हद्दीतलंच हवं. द्राक्षाची जात ठरलेली, उत्पादनालाही मर्यादा. नियमात बसलं नाही तरी वाइन विकता येते, पण मोठ्या मुलखाच्या साध्या नावाने. "नाव जितकं लहान, तितकी जबाबदारी मोठी," असं म्हणून ते डबा बंद करत.

निवृत्तीनंतर त्यांनी माकुणसारच्या चिकू बागायतदारांचा गट बांधला. फळ परवाना असलेल्या वायनरीत द्यायचं आणि चिकूच्या वाइनच्या दोन प्रकारच्या बाटल्या काढायच्या: एक गावाच्या नावाची 'माकुणसार', दुसरी जिल्ह्याच्या नावाची साधी 'पालघर'. हिशेब माझ्याकडे होता. हद्द ठरवायला तात्यांनी कुदळ घेऊन वाडीवाडीत खड्डे खणले. ओहोळाच्या अलीकडे तांबूस, पाणी न धरणारी माती. पलीकडे काळी, जड. दोन्हीकडच्या फळाची वाइन वेगवेगळी काढून सगळ्यांना चाखवली. चव वेगळी होती, हे कुणी नाकारलं नाही. रेघ ओहोळावर पडली.

"पण तात्या, तुमची वाडी तं पलीकडं हाय," आमचे अध्यक्ष मोरूभाऊ म्हणाले.

"मग माझा चिकू पालघरात."

काकी, म्हणजे तात्यांची पत्नी, महिनाभर ऐकवत होत्या, "आख्ख्या गावाला नाव दिलं नि आपलं घर तेवढं बाहेर ठेवलं." पलीकडचा चिकू गोडीला कमी नव्हता. काही जणांना तर तोच अधिक आवडला होता.

पुढे एका वर्षी वादळात अलीकडचा कच्चा चिकू झडला. केळव्याच्या एका रिसॉर्टवाल्याला हंगामासाठी 'माकुणसार'च हवी होती, आणि गटाचं तेच एकमेव मोठं गिऱ्हाईक. ते गेलं असतं तर गट मोडलाच असता. तात्यांची वाडी आडोशाला असल्याने लगडलेली होती.

"तात्या, तुमचाच चिकू घालायचा हाय, परक्याचा नाय," मोरूभाऊ म्हणाले.

"परक्याचा असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं," तात्या म्हणाले.

मग ते स्वतः रिसॉर्टवर गेले, मला सोबत घेऊन. माल कमी का आहे आणि उरलेल्या बाटल्यांवर 'पालघर' का आहे, हे त्यांनी सरळ सांगितलं. मालक कुरकुरला. "कोण बघायला येतंय?" असंही म्हणाला. शेवटी 'माकुणसार' होती तेवढी घेतली आणि 'पालघर' थोडी. आम्ही ते वर्ष ओढाताणीत काढलं. पुढच्या हंगामात मात्र त्याचा फोन आधीच आला.

तात्या गेले तेव्हा गटाने ठरवलं, त्यांच्या स्मरणार्थ रेघ पलीकडे सरकवून त्यांची वाडी 'माकुणसार'मध्ये घ्यायची. सगळे एकमताने तयार होते. काकींना मान म्हणून बैठकीला बोलावलं.

"रेघ तिथंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "नायतर लोक म्हणतील, बोर्डोतात्यांची रेघ त्यांच्यासंगं गेली."

मोरूभाऊंनी दुसरा विषय घेतला.

आता माझ्याकडे पाहुणे आले की मी दोन्ही बाटल्या मांडतो. आधी 'माकुणसार' संपते, कारण नाव तिचं. मग मी दुसरी ओततो. घोट घेऊन एखादा विचारतो, "ही कुठली?"

"ओहोळाच्या पलीकडची," मी सांगतो, आणि त्याचा पेला पुन्हा भरतो.