दहा-दहा गोंडे

"तुम इधर नहीं। पीछे जाओ, बर्तनवालियों के साथ।"

मोठ्या फादरांनी माझं कोपर धरून मला रांगेतून बाहेर काढलं. चर्चच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत. आर्चबिशप, म्हणजे बिशपांच्याही वरचे, आमचे 'स्वामीजी', पहिल्यांदाच आमच्याकडे ग्वाल्हेरला आले होते. एकेकाचं नाव सांगून त्यांच्याशी ओळख करून दिली जात होती. माझ्यापुढे फक्त चार माणसं उरली होती. मला तेवढंच हवं होतं. माझं नाव कुणीतरी त्यांना सांगावं.

त्यांच्या मागे भिंतीवर मखमली पडदा होता. त्यावरचं त्यांच्या हुद्द्याचं मानचिन्ह मी भरलेलं. जरीचं भरतकाम हाच माझा धंदा. माधवगंजात एका खोलीत एकटी राहते. शेजारची मराठी माणसं मला 'चर्चवाली' म्हणून चार हात लांब ठेवतात. आणि चर्चमध्ये मी कोण? भांडीवालीची पोर. आईने जन्मभर तिथली भांडी घासली. आजोबा कंपूत, लष्कराच्या छावणीत, झाडू मारायचे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना वाटलं, आता जातीतून सुटलो. सुटले डोंबलाचे!

पडद्याचा नमुना मोठ्या फादरांनीच दिला होता. हिरवी टोपी, दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे. मी म्हटलं, "फादर, छह तो बिशप के होते हैं। आर्चबिशप के दस।" कार्डिनलचे पंधरा, तेही लाल. इतकी वर्षं टाके घालून एवढंही कळणार नाही?

ते हसले. "अब तू हमको चर्च सिखाएगी?"

मी तरीही दहा-दहाच भरले. बारा दिवस, डोळे फोडून.

आणि आता म्हणे, मागे जा. खोटं कशाला सांगू, मी गेले. पाय आपोआप वळले. उष्ट्या ताटल्या उचलायला लागले. तेवढ्यात आर्चबिशप पडद्याकडे बघून म्हणाले, "वाह, पूरे दस! ज़्यादातर लोग छह बना देते हैं। किसने बनाया?"

"हमने ध्यान से बनवाया, स्वामीजी," मोठे फादर म्हणाले.

हमने!

मी ताटल्या टेबलावर आदळल्या. "मैंने बनाया है। इन्होंने तो छह कहे थे।" मग माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

आर्चबिशपांनी मान हलवली, "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. बस, एवढंच. आईबरोबर भांडी घासलेल्या बायकाही माझ्याकडे बघेनात. ऑटोत बसून रडले. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

वरच्यांचा गोंडा न् गोंडा मोजलेला. बिशप कुठे संपतो, आर्चबिशप कुठे सुरू होतो, सगळं ठरलेलं. आमची जागा कुठेच लिहिलेली नाही, पण ती सगळ्यांना तोंडपाठ.

परवा मोठ्या फादरांचा निरोप आला. माफी माग, मग नव्या झग्याचं काम देऊ. मी उलट निरोप धाडला, माफी त्यांनी मागावी. हॉलमध्ये, सगळ्यांदेखत. तोवर त्यांच्या कापडाला माझी सुई लागणार नाही.

रविवारी मी पहिल्या बाकावर बसते. आजूबाजूचे उठून मागे जातात. जाऊ देत. मी उठणार नाही.