जेसिंतासाठी ठेवलेली सीट

एम्बसीची नोकरी संपवून माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या सुटकेसपेक्षा त्याचे किस्सेच जड झालेले असतात. वसईत माणिकपूरला चर्चजवळच्या टपरीवर आमचा कंपू बसतो. चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "तो युद्धातला सांग ना." मग मी सांगतो. खरं म्हणजे मी युद्ध पाहिलंच नाही. मी पाहिली ती शस्त्रसंधी, आणि तिच्यावर दोन्हीकडच्या कुणाचाच भरवसा नव्हता.

मी प्रोटोकॉलचा माणूस. कोण कुठे बसणार, कुणाला काय भेट द्यायची, कुठली गाडी पुढे, हे बघायचं. बायको गेल्यानंतरचं ते पोस्टिंग. जेवताना रेडिओ लावून ठेवायचो. तिथली भाषा ओ की ठो कळायची नाही, पण घरात कुणीतरी बोलतंय एवढं तरी वाटायचं.

आमचे राजदूतसाहेब बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या एका गावी एका दिवसासाठी जाणार होते, तिथल्या हॉस्पिटलला औषधं द्यायला. त्या हॉस्पिटलात आपल्या वसईची एक नर्स होती, जेसिंता. बस्त्यावकाकांची एकुलती एक लेक. दौऱ्याच्या थोडं आधी मी रजेवर आलो होतो, तेव्हा काका आपल्या वाडीतली सुकेळी पिशवीभर घेऊन माझ्या फ्लॅटवर आले. म्हणाले, "हे तिला दे. आणि तिला घेऊन ये." मी साहेबांना गळ घातली आणि शेवटच्या गाडीत एक सीट तिच्यासाठी रिकामी ठेवून घेतली.

*

सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी. बाहेरच्या माणसाला दाखवून बघा. तपकिरी कांड्या, सुक्या पानात गुंडाळलेल्या, दोरीने आवळलेल्या, एकाला एक लावून ठेवलेल्या. चेकपोस्टवरच्या सैनिकाने पिशवी उघडली आणि सगळे चार पावलं मागे सरले. आमचा सिक्युरिटीवाला बिश्तसुद्धा सरला, म्हणजे बघा!

"खाऊन दाखवा," त्यांचा अधिकारी म्हणाला.

मी एक खाल्लं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला काही झालं नाही. मग अधिकाऱ्याने एक खाल्लं, मग त्याच्या माणसांनी. अर्धी पिशवी रिकामी झाल्यावर तो म्हणाला, "सामान निर्धोक दिसतंय. पण अजून तपासलेलं बरं."

कशीबशी पिशवी सोडवून पुढे निघालो, तर पलीकडच्या बाजूच्या चेकपोस्टवर सगळे वाटच बघत होते. "तुम्ही त्यांना मिठाई दिलीत असं कळलं," तिथला अधिकारी गंभीरपणे म्हणाला.

मी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "आपलं धोरण दोन्ही बाजूंना समान वागवण्याचं आहे. द्या."

जेसिंतासाठी एक कांडी उरली. ती मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

*

दोन्हीकडच्या कमांडरांची साहेबांसमोर बैठक होती. अशा बैठकीत खुर्चीवरून फार भांडणं होतात. एकाची उंच, दुसऱ्याची बुटकी असं चालत नाही. मी पोचलो तेव्हा दोघांची माणसं टेप घेऊन खुर्च्या मोजत होती. प्रोटोकॉल म्हणून मीही टेप काढली. अख्ख्या गावात सारख्या खुर्च्या सापडेनात. सारखे होते ते फक्त शाळेचे बाक, तेही पहिलीच्या वर्गाचे.

शेवटी दोघं त्या बाकांवर बसले. गुडघे छातीला टेकलेले. त्या अवस्थेत माणसाला धड रागावता येत नाही, त्यामुळे बैठक छान झाली. पण संपल्यावर एका कमांडरला उठताच येईना. दुसऱ्याने बराच वेळ बघितलं आणि मग हात पुढे केला. त्याने तो धरला आणि उठला. युद्धाच्या दोन वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना हात लावला तो एवढाच.

आमचा फोटोग्राफर तेव्हा बाहेर चहा पीत होता.

*

तिसरा घोळ माझा. एम्बसीची ठरलेली भेट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, खाली पितळी पट्टी. मी सवयीने तेच पॅक करून घेतलं होतं. नगराध्यक्षांचं ऑफिस म्हणजे छताच्या जागी ताडपत्री आणि चारी बाजूंनी वारा. साहेबांनी घड्याळ दिलं. नगराध्यक्षांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"फार सुंदर," ते म्हणाले. "आता भिंतही पाठवा."

हे टपरीवर सांगितलं की सगळे खो खो हसतात. तिथे मात्र फक्त नगराध्यक्षच हसले होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

*

हॉस्पिटलमध्ये साहेब औषधं देत असताना मी जेसिंताला शोधलं. केस बारीक कापलेले, डोळे खोल गेलेले. मी म्हणालो, "मी माणिकपूरचा. तुझ्या पप्पांनी पाठवलंय. गाडीत तुझ्यासाठी सीट ठेवली आहे."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "किती वेळ आहे तुम्हाला?"

"साहेबांचा चहा होईपर्यंत."

"मग बसा. बोला काहीतरी."

"अगं, येतेयस ना तू?"

"आधी बोला हो. वसईचं काहीही सांगा. मराठी कानावर पडून किती दिवस झाले."

तिच्या घरची बोली मला येत नाही. माझ्या साध्या मराठीत सुरू केलं. स्टेशनबाहेरचा रिक्षा स्टँड हलवलाय. माणिकपूरचा रस्ता परत खणलाय. सातिवलीच्या गोदामांचे ट्रक हायवेवर तासन् तास अडकतात. वादळात वाडीतल्या केळी आडव्या झाल्या होत्या. पप्पांनी सायकल सोडली, आता चर्चमध्ये मिस्साला चालतच जातात. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. सायकलचं ऐकून नुसतं 'हं' म्हणाली. खिशातली कांडी मी तिच्या हातावर ठेवली, तर तिने नुसती मूठ मिटली.

बिश्त बोलवायला आला. जेसिंता उठली, चेहऱ्यावरून हात फिरवला.

"पुरेल आता," ती म्हणाली आणि वॉर्डात गेली.

परतीच्या वाटेवर त्या सीटवर बिश्तने कुणालाच बसू दिलं नाही. मी शेजारी बसून होतो. आयुष्यात इतकं एकटं मला बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात शस्त्रसंधी मोडली. जेसिंताचा मधूनच मेसेज येतो, 'बरी आहे' एवढाच.

*

हा शेवटचा किस्सा मी टपरीवर सांगत नाही.

फोनवर सांगायला धजलो नव्हतो. पुढच्या रजेत बस्त्यावकाकांकडे गेलो. वाटेत दोनदा रिक्षा थांबवून उतरावंसं वाटलं. काका वाडीत पाणी सोडत होते. माझ्या मागे कुणी आहे का, ते आधी बघितलं.

"नाही आली?"

"नाही, काका."

त्यांनी पाणी बंद केलं. ओट्यावर येऊन बसले. "काय म्हणाली?"

"फारसं काही नाही. मीच बोलत होतो."

"काय बोललास?"

"काही नाही हो, आपलं इथलंच. रस्ते, रिक्षा."

"तेच सांग."

"काका, ते तर तुम्हाला सगळं माहीतच आहे."

"असू दे. तिला सांगितलंस तसंच सांग."

मी रिक्षा स्टँडपासून सुरुवात केली. काकांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. खणलेला रस्ता झाला, ट्रक झाले, आडव्या झालेल्या केळी झाल्या. पप्पांनी सायकल सोडली, मिस्साला चालतच जातात, इथपर्यंत आलो आणि थांबलो.

डोळे न उघडताच काकांनी विचारलं, "इथे ती काय म्हणाली?"

"काही नाही. नुसतं 'हं' म्हणाली."

"हं," काका म्हणाले.